रोहिणीचा गाडा आणि शनीची वाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते शाळेत गणित शिकवत आणि घरी आलेल्याला पंचांग बघून देत. या दोन कामांमध्ये त्यांना कधी अडचण वाटली नाही. मला मात्र वाटते, आणि ती कुठे वाटते हे आज सांगायचं आहे. विषय आहे ग्रहांचं नक्षत्रांमधलं गोचर: कोणता ग्रह कोणत्या नक्षत्रात कधी शिरतो हे आपले लोक कसं काढत आले, आणि त्यावरून जे सांगितलं जातं ते कितपत धरून चालावं.

रोहिणखेड या गावाचं नाव रोहिणी नक्षत्रावरून पडलं का, हे मला विचारू नका. त्यात शिरलो तर व्याख्यान राहील बाजूला आणि वाद सुरू होईल. पण मोताळा तालुक्यात, रोहिणखेडात उभं राहून गोचरावर बोलायचं आणि रोहिणी टाळायची, हेही बरं दिसणार नाही. म्हणून सगळं व्याख्यान मी त्या एका नक्षत्राभोवतीच ठेवणार आहे.

आधी थोडा हिशोब. पत्रिकेतले ग्रह जन्मवेळी होते तिथेच राहतात, आकाशातले पुढे चालत राहतात. त्या चालण्याला गोचर म्हणायचं. 360 अंशांचे 27 सारखे भाग केले की एका नक्षत्राच्या वाट्याला 13 अंश 20 कला येतात. चंद्र हे अंतर साधारण एका दिवसात कापतो, सूर्य तेरा-चौदा दिवसांत. गुरूला सरासरी पाच महिन्यांहून थोडं जास्त लागतं आणि शनीला तेरा महिने. शनी मध्येच वक्री होतो, आलेल्या वाटेने मागे जातो, परत मार्गी होतो; त्यामुळे एकाच नक्षत्राच्या हद्दीवरून तो कधी कधी तीनदा जातो.

आता रोहिणी. मार्गशीर्ष-पौषात अंधार पडला की पूर्वेला कृत्तिकांचा झुबका दिसतो. त्याच्या खाली एक तांबूस, ठळक तारा असतो. तो रोहिणीचा योगतारा, म्हणजे मुख्य तारा. त्याच्या शेजारी चार-पाच मंद तारे आहेत. सगळे मिळून एक कोन तयार होतो, बैलगाडीच्या दोन दांड्या जुवाकडे निमुळत्या होत जातात तसा. आपल्या पूर्वजांना तिथे गाडाच दिसला, म्हणून नाव पडलं रोहिणीशकट. एक गंमत लक्षात ठेवा. शेतकऱ्याची जी रोहिणी, म्हणजे 25 मे ते 7-8 जूनचा काळ, तेव्हा ही रोहिणी आकाशात दिसतच नाही. सूर्यच तिच्यात बसलेला असतो. पावसाची सगळी नक्षत्रं अशी न दिसणारी आहेत, ती गणितानेच कळतात.

या गाड्यातून एखादा ग्रह गेला तर त्याला शकटभेद म्हणायचं. सूर्यसिद्धान्ताने त्याची अटच घालून दिली आहे: ग्रह वृषभेच्या सतराव्या अंशात हवा आणि त्याचा दक्षिण शर दोन अंशांहून थोडा जास्त हवा. शर म्हणजे सूर्याच्या वाटेपासून ग्रह किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते अंतर. व्याख्या चोख आहे. कुणालाही मोजून बघता येईल अशी.

फळ मात्र भयंकर सांगितलं आहे. वराहमिहिर बृहत्संहितेत म्हणतो की शनीने, मंगळाने किंवा केतूने रोहिणीचा गाडा फोडला तर जगाचा नाशच. पंचतंत्रात खेकडा आणि बगळ्याची गोष्ट आहे. तीत तो लबाड बगळा तळ्यातल्या माशांना घाबरवतो ते याच योगाचं नाव घेऊन: शनी रोहिणीचा गाडा फोडणार, बारा वर्षं पाऊस नाही, तळं आटणार. मासे घाबरतात, एकेक करून त्याच्याबरोबर निघतात आणि तो त्यांना खातो. ज्योतिषाच्या नावाने भीती घालून पोट भरणारा हा बगळा आपल्या वाङ्मयात दीड-दोन हजार वर्षं जुना आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या काळच्या माणसांनाही तो ओळखू येत होता.

दशरथाची कथा आपल्याकडे शनिमाहात्म्य ऐकणाऱ्यांना ठाऊक असेल. ज्योतिषी राजाला सांगतात, शनी कृत्तिकेच्या शेवटी आला आहे, आता रोहिणीत शिरून गाडा फोडील आणि बारा वर्षांचा दुष्काळ पडेल. दशरथ रथात बसून थेट नक्षत्रमंडळात जातो, बाण चढवतो आणि मग शनीची स्तुती करतो. शनी प्रसन्न होतो आणि गाडा फोडणार नाही असा वर देतो.

आता कथेवरून गणितावर या. कोकणच्या किनाऱ्यावर नांदगावला गणेश दैवज्ञ होऊन गेले. शके 1442, म्हणजे 1520 साली त्यांनी ग्रहलाघव लिहिलं. त्यातली युक्ती अशी की ज्या-चापाची, म्हणजे त्रिकोणमितीची सगळी कटकट त्यांनी काढून टाकली. दिवसांची अवजड बेरीज टाळण्यासाठी अकरा अकरा वर्षांची चक्रं पाडली. पाटीवर बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करता येणारा माणूस त्यावरून ग्रह काढू शकत असे. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथावर चालली. आपल्या रोहिणखेडची जुनी मशीद 1582 ची. ती बांधली गेली तेव्हा ग्रहलाघवाला बासष्ट वर्षं झाली होती.

तर या गणेश दैवज्ञांनी शकटभेदाचं काय केलं? त्यांनी गणित करून पाहिलं आणि सरळ लिहिलं की मंगळ आणि शनी यांचा शकटभेद एखाद्या दुसऱ्या युगात होत असेल, सध्या त्यांचे पात जिथे आहेत तिथून तो होत नाही. पात म्हणजे ग्रहाची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो बिंदू. आज शनीची कक्षा सुमारे अडीच अंशांनी कललेली आहे हे आपल्याला माहीत आहे, पण रोहिणीपाशी येताना त्याचा दक्षिण शर दोन अंशांच्या आतच राहतो. अट पुरी होतच नाही. पाचशे वर्षांपूर्वीचा हा माणूस दुर्बिणीशिवाय, ग्रंथप्रामाण्याच्या काळात, स्वतः ज्योतिषी असून, धर्मग्रंथात सांगितलेली आपत्ती आता येणारच नाही असं लिहून ठेवतो. दशरथाला मिळालेला वर त्यांनी आकड्यांत मांडून दाखवला, असं म्हणायला हरकत नाही.

चंद्राबद्दलही त्यांनी नियम दिला. पात, म्हणजे राहू, पुनर्वसूपासून आठ नक्षत्रांत असेल तेव्हा चंद्र गाडा फोडतो. आजच्या गणिताने तपासून पाहा, नियम बरोबर ठरतो. राहूला ती आठ नक्षत्रं ओलांडायला साधारण साडेपाच वर्षं लागतात, आणि तेवढा काळ चंद्र दर महिन्याला त्या गाड्यातून जातो. अलीकडे 2015 ते 2018 मध्ये तर पृथ्वीवर कुठून ना कुठून दर महिन्याला चंद्राने रोहिणीचा तारा झाकलेला दिसत होता. त्यात 2015 चा पाऊस तुटीचा होता, 2016 चा आपल्याकडे चांगला. चंद्र दोन्ही वर्षी गाडा फोडतच होता.

इथे सभागृहातली म्हातारी माणसं अस्वस्थ होतील हे मला ठाऊक आहे, कारण त्यांनी 1972 पाहिलं आहे. आणि मी प्रामाणिक राहायचं तर मला सांगितलंच पाहिजे: 1972 च्या जूनमध्ये शनी रोहिणीत होता. गाडा फुटला नव्हता, पण नक्षत्र तेच आणि अंशही जवळजवळ तोच. त्या पावसाळ्यात देशभर तूट आली, महाराष्ट्र होरपळला, माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली आणि त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. ज्याला शनीवर बोट ठेवायचं आहे त्याच्यासाठी याहून चांगला पुरावा नाही.

मग मागचा फेरा बघा. शनी तीस वर्षांच्या आत एक फेरी पुरी करतो. त्याआधी तो रोहिणीत होता 1942 च्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, सगळा हंगाम. 1942 हे भारतात सरासरीहून बरंच जास्त पाऊस झालेल्या वर्षांपैकी एक आहे. शनी तोच, रोहिणी तीच, आणि पाऊस उलटा. आता दुसऱ्या बाजूने बघा. वऱ्हाडातला सर्वांत भीषण दुष्काळ 1899-1900 चा. त्या पावसाळ्यात शनी होता ज्येष्ठा नक्षत्रात, वृश्चिकेत, म्हणजे आकाशात रोहिणीच्या जवळजवळ समोर. ज्या जागी तो असला की दुष्काळ, तिथून इतका लांब असताना हा दुष्काळ पडला. एक वर्ष जुळतं, दोन जुळत नाहीत. जुळलेलं लक्षात राहतं कारण त्या वर्षी माणसं भुकेली होती. 1942 चा भरपूर पाऊस शनीच्या नावावर कुणी लिहून ठेवला नाही.

आता माझी दुसरी अडचण. शनी रोहिणीत अमुक दिवशी, अमुक तासाला, अमुक मिनिटाला शिरतो, असं हल्ली मोबाईलवर सेकंदांसकट येतं. शनीची सरासरी चाल दिवसाला दोन कला. एका कलेचा फरक पडला की वेळ बारा तासांनी सरकते, आणि शनी वक्री-मार्गी होताना जवळजवळ थांबलेला असतो तेव्हा कित्येक दिवसांनी. मग ती कला मोजायची कुठून? नक्षत्रचक्राचा आरंभ कुठे धरायचा? रस्त्यावर शून्य मैलाचा दगड असतो, आकाशात तो कुणी रोवलेला नाही. तो माणसांनी ठरवावा लागतो, आणि त्यावर महाराष्ट्रात शंभर वर्षं कडाक्याचं भांडण झालं.

केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1865 पासून नवं, वेधाशी जुळणारं पंचांग काढलं. आबासाहेब पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला म्हणून ते पटवर्धनी पंचांग. त्यांनी आरंभ धरला रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापासून. लोकमान्य टिळकांनी तीच बाजू उचलली आणि आजचं टिळक पंचांग त्याच रैवत पक्षाचं. दुसऱ्या बाजूला व्यंकटेश बापूजी केतकर. ज्योतिर्गणित लिहिणारा हा प्रचंड मेहनती माणूस. त्यांनी चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास मराठीत लिहिला, तो वाचला म्हणजे या वादाच्या मुळाशी किती जुने धागे आहेत ते कळतं. तो ग्रंथ मराठीत आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि तो फार थोड्या मराठी घरांत आहे याचं वाईटही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने 1952 मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तीत नागपूरचे के. ल. दप्तरी होते, पुण्याच्या ‘केसरी’चे ज. स. करंदीकर होते. समितीने 21 मार्च 1956 चा अयनांश, म्हणजे वसंतसंपातापासून नक्षत्रचक्राच्या आरंभापर्यंतचं अंतर, 23 अंश 15 कला धरला, जो चित्रा पक्षाचाच आहे. दाते पंचांग, कालनिर्णय आणि बहुतेक मोबाईल आज त्याच बाजूचे.

दोन पक्षांमधला फरक सुमारे चार अंशांचा. सूर्याच्या बाबतीत चार दिवस, शनीच्या बाबतीत चार महिने. म्हणजे एका पंचांगात शनी नक्षत्र बदलून मोकळा झाला तरी दुसऱ्यात अजून चार महिने जायचे असतात. दोन्ही पंचांगं गणितात चुकलेली नाहीत. अशा वेळी साडेसाती कोणत्या दिवशी सुटली हे मिनिटांत सांगणाऱ्याला एवढंच विचारा, कोणत्या दगडापासून मोजलंस?

हे तुम्हाला लांबचं वाटत असेल तर तुमच्या रोजच्या वापरातलं उदाहरण घेतो: पावसाच्या नक्षत्राचं वाहन. यंदा मृगाचं वाहन कोल्हा, आर्द्राचं मोर, असं पंचांगात येतं आणि पारावर त्याची चर्चा होते. ते निघतं कसं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सूर्य ज्या क्षणी नवीन नक्षत्रात शिरतो, त्या क्षणी चंद्र कुठे आहे ते बघायचं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊने भागायचं. बाकी एक राहिली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, शून्य हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला म्हणायचा; कोल्हा, मेंढा आले की कपाळाला हात.

2024 चं मृग करून पाहू. सूर्य मृगात शिरला 7 जूनच्या मध्यरात्रीनंतर. चंद्र तेव्हा आर्द्रात. मृग एक, आर्द्रा दोन, बाकी दोन, वाहन कोल्हा. पण चंद्र आर्द्रात येऊन फक्त पाच-सहा तास झाले होते. सूर्य तेवढेच तास आधी शिरला असता तर चंद्र मृगातच सापडला असता, बाकी एक, आणि वाहन झालं असतं घोडा. आता रैवत पक्षाने मोजा. सूर्य चारेक दिवस आधीच मृगात जातो, तेव्हा चंद्र पार अश्विनी-भरणीच्या हद्दीवर. कोल्हा जातो आणि उंदीर नाहीतर म्हैस येते. ढग एकच, शिवार एकच, आणि वर्षभराचा भरवसा मात्र कोल्ह्यावर ठेवायचा की म्हशीवर, हे टिळक की दाते यावर अवलंबून.

याच्या पुढची गोष्ट मात्र पंचांगवाल्यांनाही टाळता येणार नाही. पाऊस ऋतूंप्रमाणे येतो, आणि ऋतू सूर्य उत्तरेला किती सरकला त्यावर ठरतात. नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आहेत. दोन्हींमध्ये साधारण 72 वर्षांत एक दिवस फरक पडतो. आज मृग 7-8 जूनला लागतो. ग्रहलाघव लिहिलं गेलं तेव्हा, आजच्या तारखांच्या हिशोबाने, तो 1 जूनच्या आसपास लागत होता. रोहिणखेडच्या रणात 1437 साली बहमनी सेनापती खलफ हसन बसरीने खानदेशच्या नसीरखानाला हरवलं, तेव्हा 31 मेच्या आसपास. आणि चौथ्या शतकाच्या सुरुवातीला थेट मेच्या मध्यावर. म्हणजे मृगाच्या पावसाची सांगड आज इतकी नेमकी वाटते ती आपल्या काळापुरती. आणखी पाचशे वर्षांनी मृग 15 जूनच्या आसपास लागेल. तेव्हाचे शेतकरी रोहिणीतच पेरतील आणि कदाचित म्हणतील की आपल्या वाडवडिलांनी हे कधीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून पंचांग फेकून द्या असं मी म्हणत नाही. तिथी, सण, ग्रहणं, सूर्योदय यांसाठी ते उत्तम साधन आहे आणि ते बनवणाऱ्यांनी जे गणित केलं त्याला मी हात जोडतो. शेतकऱ्याला मृग, आर्द्रा, हस्त ही नावं पंधरवड्यांसारखी सोयीची आहेत. ‘जूनचा दुसरा पंधरवडा’ म्हणण्यापेक्षा ‘आर्द्रा’ म्हटलं की कामं डोळ्यांपुढे उभी राहतात. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला पीकपाण्याचं भाकीत सांगणारी घटमांडणी होते, तिलाही आपलं स्थान आहे. गावं तिथे एकत्र येतात. पण कपाशीच्या धुळपेरणीचा किंवा सोयाबीनच्या तिफणीचा निर्णय वाहनावर सोडू नका. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी मृग लागला म्हणून घाईत पेरलेली शेतं दुबार पेरणीला येतात. बियाण्याची पिशवी दुसऱ्यांदा विकत घेताना मोर आणि कोल्हा दोघेही मदतीला येत नाहीत.

गुरुजींच्या दोन कामांमधली माझी अडचण ती ही. ग्रह कुठे आहे हे काढण्यात आपल्या माणसांनी पराकाष्ठा केली. चूक सापडली की सुधारली, ग्रंथाच्या विरुद्ध गेलं तरी लिहिलं. त्याचं फळ काय, याची मात्र कुणी नोंदच ठेवली नाही. ज्या निष्ठेने गणेश दैवज्ञांनी शर मोजला, त्याच निष्ठेने वाहनं आणि पाऊस यांचा हिशोब एका तरी गावाने ठेवला असता तर हे व्याख्यान द्यायची वेळच आली नसती.

आता थोडं पुढचं. शनी फिरून फिरून 2031 च्या जूनमध्ये पुन्हा रोहिणीत असणार आहे, 1972 मध्ये होता जवळजवळ तिथेच. तेव्हा तुमच्या मोबाईलवर बारा वर्षांच्या दुष्काळाचे संदेश येतील. पूजा, शांती, यंत्रं, खडे विकायला माणसं येतील, आणि 1972 चा दाखला देतील. तो दाखला खराही असेल. त्याला उत्तर द्यायला 1942 चा दाखला हाताशी हवाच, पण त्याहून जास्त हवी आपल्याच शिवाराची नोंद.

म्हणून रोहिणखेडच्या शाळेला आणि ग्रामपंचायतीला माझी विनंती आहे. एक साधा पर्जन्यमापक बसवा, फार खर्चाचा नाही. आठवी-नववीच्या मुलामुलींकडे तो सोपवा. रोज सकाळी साडेआठला किती मिलिमीटर ते लिहायचं. त्याच पानावर त्या दिवसाचं पावसाचं नक्षत्र, दोन्ही पंचांगांतली वाहनं, आणि शनी कुठे आहे ते लिहायचं. मत काही लिहायचं नाही. हंगाम संपला की ग्रामसभेत ती वही वाचून दाखवायची. येत्या रोहिणीपासून सुरुवात करा, म्हणजे 2031 चा जून येईपर्यंत वहीत काहीतरी जमलेलं असेल.